पुनरारोहण

सन २०२० च्या जून महिन्याच्या अखेरीस आमच्या नागपुरांत टिपलेल्या एका छायाचित्रानें देशभर मोठा गदारोळ उठविला. त्या वेळचे भारताचे सरन्यायाधीश श्री. शरद अरविंद बोबडे हे एका भल्यामोठ्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलीवर बसलेले आहेत, एवढाच त्या चित्राचा विषय. तोंडावर मुखपट्टी कां नाहीं, डोक्यावर शिरस्त्राण कां नाहीं, गाडी कोणाच्या मालकीची, अशा प्रश्नांचा वर्षाव झाला. एका नामांकित वकिलांनीं त्यावर टीका लिहिली. ती टीका आणि त्यांचा आणखी एक मजकूर यांवरून न्यायालयाच्या अवमानाचा खटला उभा राहिला, आणि त्याच वर्षीं ३१ ऑगस्ट रोजीं त्यांना एक रुपया दंड झाला. गाडी स्टँडवर उभी होती, हें आपल्या ध्यानांत आलें नव्हतें, अशी कबुली टीकाकारांनीं खटल्याच्या ओघांत देऊन टाकली. असो. तो वाद कायद्याच्या अभ्यासकांचा आहे, आमचा नव्हे.

त्या सगळ्या गलबल्यांत जी गोष्ट आम्हांस सर्वांत विचारणीय वाटली, तिच्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. वृत्तपत्रांत असें प्रसिद्ध झालें होतें कीं, आदल्याच वर्षीं, म्हणजे २०१९ च्या आरंभीं, अशीच एक हार्ले चालवून पाहत असतां श्री. बोबडे पडले, त्यांच्या घोट्याचें हाड मोडलें, आणि कांहीं काळ त्यांना न्यायालयाच्या कामापासून दूर राहावें लागलें. त्यांचा जन्म १९५६ चा, आणि तोहि नागपूरचाच. पडले तेव्हां वय बासष्ट, चित्र निघालें तेव्हां चौसष्ट. अशा मोठ्या गाडीचें वजन तीनशे-चारशे किलोंच्या घरांत असतें. ती वेगांत असतां स्वतःस सांवरते, पण थांबतांना तोल गेला म्हणजे पाय टेकणाऱ्याचा पाय ती क्षमा करीत नाहीं. त्यांच्या मनांत शिरण्याचा आम्हांस अधिकार नाहीं व तशी इच्छाहि नाहीं. परंतु दोन्ही बाजू तराजूंत घालून पाहणें हाच ज्यांचा जन्माचा व्यवसाय, त्यांनाहि मोडून सांधलेल्या घोट्यानें पुन्हां त्याच जातीच्या यंत्रावर टांग टाकावीशी वाटली, यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. ज्या यंत्रानें आपलें हाड मोडलें त्यावर साठी उलटलेल्या मनुष्यानें पुन्हां बसावें काय? आणि बसूं नये, असें सांगण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांतून सुचलेला नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका खोटेपणानें तो आमच्या दाराशीं आणून उभा केला.

आमचे एक स्नेही आहेत. वयानें आमच्याहून सात-आठ वर्षांनीं वडील, पाटबंधारे खात्यांतून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापाशीं तरुणपणीं घेतलेली एक येझदी आहे. म्हैसूरच्या ज्या कारखान्यांत ती तयार झाली तो १९९६ सालीं बंद पडला. स्नेह्यांची गाडी मात्र बंद पडली नाहीं. दर रविवारीं पहांटे ती फटफटी आमच्या गल्लींतून रामटेकच्या दिशेनें जाई, आणि आमच्या घरांतील मंडळी घड्याळाकडे न पाहतां चहाचें आधण ठेवीत. दोन वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका सायंकाळीं अमरावती मार्गावर चुकीच्या बाजूनें एक स्कूटर अकस्मात् समोर आली. तिला चुकविण्यासाठीं यांनीं ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर चाक घसरलें, आणि तें दीडशे किलोंच्या आंतबाहेरचें धूड त्यांच्या डाव्या पायावर आलें. शिरस्त्राण डोक्यावर होतें. त्याची एक बाजू पार खरवडून निघाली आणि डोकें शाबूत राहिलें. नडगीचें हाड मात्र दोन ठिकाणीं मोडलें व तीन बरगड्यांना चिरा गेल्या. रस्त्यांतील दोन अनोळखी तरुणांनीं त्यांना उचलून रिक्षांत घातलें. अपघातांतील जखमीस मदत करणाऱ्याला पोलिसांच्या व कचेऱ्यांच्या जाचापासून संरक्षण देणारें कलम २०१९ सालीं मोटारवाहन कायद्यांत आलें आहे. त्या तरुणांना तें ठाऊक असेल असें वाटत नाहीं. ठाऊक नसतांहि त्यांनीं उचललें, हें अधिक बरें.

धंतोलींतील एका रुग्णालयांत नडगीच्या पोकळींत धातूची सळई बसविण्यांत आली. ही युक्ति गेर्हार्ट कुंट्शर या जर्मन शल्यवैद्यानें १९४० च्या सुमारास प्रचारांत आणली. त्यापूर्वीं पायाचें मोठें हाड मोडलेला मनुष्य प्लास्टरांत पाय घालून किंवा पायास वजन टांगून महिनेच्या महिने पडून राही. आतां तो आठवड्याच्या आंत वॉकर धरून उभा राहतो. पण उभें राहणें म्हणजे बरें होणें नव्हे. तरुणाची नडगी चार-सहा महिन्यांत सांधते. उतारवयांत शरीर तेंच काम सावकाश करतें, आणि जोडीला मधुमेह असला तर फारच सावकाश.

हाडाचें सांधणें क्ष-किरणांत दिसतें. दुसरें जें कांहीं मोडतें तें दिसत नाहीं. ज्या मनुष्यानें आयुष्यभर कालव्यांच्या पाण्याला वाट दाखविली, त्याला उशाजवळचा पाण्याचा तांब्या कोणी हातांत दिल्यावांचून मिळेना. मुलगा कंबरेला धरून न्हाणीघरांत नेई. पायाचीं नखें सून काढी. पहिल्या दिवशीं त्यांनीं पाय मागें घेतला. ती कांहीं बोलली नाहीं, नुसती हातांत नखोरडें घेऊन बसून राहिली. मग त्यांनीं पाय पुढें केला आणि तोंड भिंतीकडे वळविलें. समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागे, आणि येणारा प्रत्येक जण असाच पडून वारलेल्या कोणा ना कोणाची हकीकत बरोबर घेऊन येई. “वयाला शोभेल असें वागावें,” हा उपदेश तर इतक्यांनीं केला कीं, त्यांनीं पुढें पुढें तो वाक्याच्या आरंभींच ओळखावा आणि मान डोलवावी. रात्रीं रस्त्यावर कोठें करकचून ब्रेक लागला कीं त्यांचे हात चादरीवर आपोआप वळत. एवढ्या अवधींत त्यांनीं गाडीचें नांव काढलें नाहीं. चौथ्या महिन्यांत, दिवाळीच्या सुमारास, त्यांनीं सहज विचारावें तसें विचारलें, “गाडीचें काय केलेंत?”

त्याच संध्याकाळीं त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. “काका, बाबांना तुमचें ऐकायची संवय आहे. गाडी मीं कामठी रस्त्यावर एका मित्राच्या शेडमध्यें झांकून ठेवली आहे. त्यांना सांगितलें आहे कीं ती आतां दुरुस्त होणार नाहीं, सुटे भागच मिळत नाहींत. तुम्हीं मिस्त्रीला विचारून आलों म्हणून सांगितलेंत तर त्यांची खात्री पटेल.” मुलगा भला आहे. सांगतांना त्याचे डोळे भरून आले होते. वर्गांत सत्यासत्याचा ऊहापोह करण्यांत आमचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं. पण त्या भरल्या डोळ्यांपुढें तीं उपयोगी पडलीं नाहींत. दुसऱ्या दिवशीं आम्हीं जाऊन सांगितलें. स्नेह्यांनीं विचारलें, “कोणत्या मिस्त्रीला विचारलेंत?” आम्हीं एक नांव ठोकून दिलें. नागपुरांत चाळीस वर्षें येझदी चालविलेल्या मनुष्याला कोणता मिस्त्री खरा आणि कोणता बनावट हें कळत नाहीं, असें आम्हांस कां वाटावें? त्यांनीं आमच्याकडे क्षणभर पाहिलें आणि ते म्हणाले, “बरें.”

तें “बरें” आम्हांस पुढें कित्येक दिवस झोपूं देईना.

मुलाची बाजू दुबळी आहे असें कोणी समजूं नये. केंद्र सरकारनेंच प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांत शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. शिरस्त्राण नसल्यामुळें मेलेले ५०,०२९; त्यांतहि १४,३३७ हे बिचारे मागच्या आसनावर बसलेले, म्हणजे ज्यांच्या हातांत ना ब्रेक ना हँडल. शिवाय उतारवयाचें शरीर हें वेगळेंच प्रकरण आहे. हाडें विरळ होतात. मोतीबिंदूचा आरंभ झालेल्या डोळ्याला समोरून येणारा दिवा दिवा न राहतां तेजाचा गोळा होतो. मेंदू किंचित् आक्रसतो, त्यामुळें त्याच्या पृष्ठभागावरून वरच्या आच्छादनाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात व बेताच्या आघातानेंहि फुटतात. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालूं असल्या तर विचारूंच नका. मनुष्य पडतो, उठतो, कपडे झटकून घरीं येतो, आणि दोन-तीन आठवड्यांनीं नातवाचें नांव विसरूं लागतो, तेव्हां कोठें कळतें कीं आंत रक्त सांचत होतें. कायद्यानेंहि याची थोडीशी दखल घेतली आहे. चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागतें, आणि पंचावन्नानंतर परवाना पांच-पांच वर्षांपुरताच मिळतो. ते प्रमाणपत्र पुष्कळदां किती मिनिटांत तयार होतें हें वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. अमुक वयानंतर चालवूंच नये असें मात्र कायदा कोठेंहि म्हणत नाहीं. तें त्यानें मनुष्याच्या सारासार विचारावर सोपविलें आहे.

तर मग हा सारासार विचार कोणी करावयाचा? आमच्या पिढीनें महाविद्यालयांत जॉन स्टुअर्ट मिल वाचला. त्याआधीं एक शतक आगरकरांनीं तो वाचला आणि त्याचें बीज महाराष्ट्रांत पेरलें. मिलच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यविषयक निबंधाचें सार असें कीं, दुसऱ्यास इजा होत असेल तरच समाजानें मनुष्याचा हात धरावा. केवळ त्याच्या स्वतःच्या हितासाठीं त्याच्यावर बळजबरी करूं नये, फार तर समजूत घालावी. या न्यायानें पाहिलें तर आमच्या स्नेह्यांची नडगी आमच्या स्नेह्यांची आहे, आणि प्रश्न संपला. पण तो संपत नाहीं. नडगी त्यांची खरी. तिच्यासाठीं चार महिने रात्रीं उठणारे हात त्यांचे नव्हते. सुनेनें नोकरींतून किती दिवस रजा काढली, मुलाचें परगांवचें कोणतें काम हातचें गेलें, याचा हिशेब कोठें मांडला गेला नाहीं. आमच्या घरांतून 'स्वतः' म्हणजे एकटी व्यक्ति असें क्वचितच असतें. मिलच्या लंडनमध्यें तरी तें कितपत तसें होतें, याची आम्हांस शंकाच आहे.

आणि येथेंच पुष्कळ सद्गृहस्थ एक उडी मारतात, ती आम्हांस मान्य नाहीं. सेवा आम्हांस करावी लागते, तेव्हां निर्णयहि आमचाच, असें ते म्हणतात. जणूं सेवा करणें म्हणजे मनुष्य गहाण ठेवून घेणें! शिवाय घरच्यांच्या भीतीची थोडी परीक्षा करून पाहिली पाहिजे. वृद्ध माणसें घरांतल्या घरांत, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आणि जिन्याच्या पायरीवर, किती पडतात! पण न्हाणीघराला कुलूप लावून किल्ली कोणी लपवीत नाहीं. ज्या घरांत आजोबांच्या फटफटीविषयीं कुटुंबाची सभा भरते, त्याच घरांतला अठरा वर्षांचा नातू उघड्या डोक्यानें, मागें दोघांना घेऊन फुटाळ्याला जातो, आणि “सांभाळून जा रे” या तीन शब्दांवर त्याची रवानगी होते. याचें कारण शोधूं गेल्यास तें फारसें सुखकारक नाहीं. तरुणाच्या आनंदाला आपण किंमत देतों, म्हणून त्याचा धोका सोसतों. वृद्धाला आनंदाची गरज उरली असेल, हेंच आपल्याला खरें वाटत नाहीं. त्यानें आतां फक्त टिकून राहावें, एवढीच आपली अपेक्षा. त्यांत प्रेम आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण आपल्याला स्वस्थ झोप लागावी हा त्यांतला हेतुहि थोडाथोडका नसतो.

कोणी म्हणेल, आपल्या शास्त्रकारांनीं याचा निर्णय कधींच दिला आहे: अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले, नातवाचें तोंड दिसलें कीं गृहस्थानें वनाची वाट धरावी. कालिदासानेंहि रघुकुलांतील राजे वार्धक्यांत मुनींप्रमाणें राहत असें वर्णिलें आहे, आणि तो तर आमच्या शेजारचाच. महामहोपाध्याय मिराशी यांनीं मेघदूतांतील रामगिरि म्हणजे आमचें रामटेक, असें साधार प्रतिपादिलें आहे. शास्त्र आम्हांस मान्य आहे. पण वनाची वाट गृहस्थानें स्वतः धरावयाची असते. मुलांनीं रात्रीं वाड्याची किल्ली लपवून बापाला अरण्यांत नेऊन सोडावा, याला कोणत्याहि स्मृतींत वानप्रस्थ म्हटलेलें नाहीं. सोडणें आणि सुटणें यांत जो भेद आहे तोच त्यागाचा प्राण होय. गीतेच्या अठराव्या अध्यायांत त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत शरीराला क्लेश होतील या भयानें केलेला त्याग राजस ठरविला आहे, आणि त्याचें फल पदरांत पडत नाहीं असें म्हटलें आहे. गीता तेथें नियत कर्माविषयीं बोलते, आणि फटफटी चालविणें हें कोणाचेंच नियत कर्म नव्हे, हें आम्ही जाणतों. उगाच गीतेला दुचाकीवर बसविण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु भिऊन सोडलेली वस्तु सुटत नाहीं, ती मनांत उलट घट्ट बसते, एवढें तत्त्व घेण्यास हरकत नसावी. जो भिऊन सोडतो त्याची ही गत. तर ज्याच्या हातून ती फसवून काढून घेतली, त्याच्या पदरीं काय पडलें? राजस त्यागहि नाहीं, नुसती चोरी.

दुसऱ्या अंगानें पाहूं. अॅरिस्टॉटलनें धैर्याची मीमांसा करतांना खऱ्या धैर्यासारखे दिसणारे जे प्रकार बाजूस काढले आहेत, त्यांत धोक्याचें ज्ञानच नसलेल्याचें धाडसहि येतें. विशीतला तरुण सुसाट जातो तें धैर्य नव्हे. त्याला हाड मोडल्याचा आवाज ठाऊक नाहीं. आमच्या स्नेह्यांना तो ठाऊक आहे. पडण्यापूर्वीं दर रविवारीं ते जात ती नुसती संवय होती. पडल्यानंतर तीच गोष्ट करणें हें दुसरेंच कर्म झालें. त्याचें नांव बदललें. तें धैर्य असूं शकेल, किंवा शुद्ध हट्टहि असूं शकेल. कोणतें, हें ठरावयाचें कशावरून? अॅरिस्टॉटल विचारील, कोणत्या उदात्त हेतूसाठीं? आणि येथें आम्ही थोडे अडखळतों. रामटेकला जाऊन गडावर चहा पिणें यांत उदात्त असें काय आहे? बसहि जाते, मुलगा मोटारींतून नेण्यास तयार आहे. पण चार महिने ज्याचीं नखें दुसऱ्यानें काढलीं, त्याला आपल्याच पायानें सुरू झालेल्या यंत्रावर, कोणाच्या कंबरेला न धरतां, दोन चाकांवर आपला तोल आपण सांभाळीत जावेंसें वाटलें, तर त्याला केवळ चैन म्हणणें आम्हांस जमत नाहीं. आपण अजून कोणावरचें ओझें नसून चालणारे मनुष्य आहों, याचा तो पुरावा असतो. आणि असा पुरावा दुसऱ्याला आणून देतां येत नाहीं.

पण त्या पुराव्यासाठीं तिसऱ्याच्या जिवाशीं खेळ झाला तर मात्र तेथें कोणाचाच अधिकार चालत नाहीं. रस्ता सर्वांचा आहे. डोळ्यांना दिसत नसेल, पाय वेळेवर ब्रेकवर पडत नसेल, तर स्वातंत्र्याची भाषा बोलूंच नये. समोरून पळत येणाऱ्या पोराशीं आपला कसलाहि करार झालेला नसतो. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्रज १९३५ च्या मे महिन्यांत आपल्या ब्रो सुपीरियर मोटारसायकलीवरून जात असतां सायकलीवरच्या दोन मुलांना चुकवितांना फेंकला गेला, आणि डोक्याच्या दुखापतीनें सहा दिवसांनीं वारला. वय अवघें ४६. डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याला पाहण्यास ज्या शल्यवैद्यांना बोलावण्यांत आलें त्यांत ह्यू केर्न्स हा होता. त्या मृत्यूचा विषय त्याच्या मनांतून गेला नाहीं. महायुद्धांत लष्कराचे निरोपे मोटारसायकलींवरून डोकीं फुटून मरूं लागले, तेव्हां त्यानें त्यांचा कसून अभ्यास केला, १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि लष्करी स्वारांच्या डोक्यावर शिरस्त्राण चढलें. सामान्य नागरिकांवर तें इंग्लंडांतहि १९७३ सालींच सक्तीचें झालें. आपल्याकडे १९८८ च्या कायद्यांत तसें कलम आहे, आणि तें पाळण्याविषयीं पुण्या-नागपुरांतल्या लोकांची निष्ठा प्रसिद्धच आहे. आमच्या मनांत भरलें तें हें कीं, केर्न्सनें निरोप्यांना गाडीवरून उतरविलें नाहीं. जावयाचें तर कसें जावें, हें त्यानें पाहिलें. आमच्या स्नेह्यांचें डोकें त्या अमरावती मार्गावर शाबूत राहिलें त्यांत त्याचाहि वांटा आहे.

फाल्गुनांत एके दिवशीं आम्हीं स्नेह्यांना खरें तें सांगून टाकलें. मुलगा व सूनहि समोर होतीं. आमची अपेक्षा होती कीं ते रागावतील. ते म्हणाले, “प्रोफेसर, तुम्हीं सांगितलेल्या त्या मिस्त्रीला वारून सहा वर्षें झालीं.” कोणालाच हंसूं आवरेना, नंतर मात्र बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मुलगा खालीं पाहूनच म्हणाला, “बाबा, त्या रात्रीं फोन आला तेव्हां माझे पायच गेले होते. पुन्हां तसा फोन मला नको.” इतक्या महिन्यांत तो हें प्रथमच बोलला होता. खोटें रचण्यास त्याला धीर झाला, पण मला भीति वाटते एवढें सांगण्यास झाला नव्हता. आणि आम्हीं त्याला तो धीर देण्याऐवजीं खोट्याला साक्ष दिली होती.

मग सून बोलली. आम्हां तिघां पुरुषांपैकीं कोणालाहि तोंवर तिला विचारण्याचें सुचलें नव्हतें. गाडी लपवितांनाहि तिला कोणीं विचारलें नव्हतें आणि आणण्याची गोष्ट निघाली तेव्हांहि नाहीं. ती म्हणाली, “बाबा, पुन्हां पडलांत तरी मी करीन; तें कांहीं मोठेंसें नाहीं. पण जायचें कीं नाहीं हें मला न विचारतां ठरवूं नका.” त्यांनीं तिच्याकडे पाहिलें, आणि आम्हांस वाटतें, त्या नखें काढण्याच्या पहिल्या दिवसापासून प्रथमच सरळ पाहिलें. ते म्हणाले, “मग विचारतों. जाऊं का?” तिनें लगेच होकार दिला नाहीं. आठ दिवसांनीं दिला, आणि तोहि अटी घालून: अंधार पडल्यावर नाहीं, पाऊस असतां नाहीं, दर वर्षीं डोळे तपासावयाचे, आणि गांवाबाहेर एकट्यानें जावयाचें नाहीं. हें सगळें ऐकून घेण्यास ते बांधलेले होते, असें आमचें मत आहे. सगळें मानण्यास बांधलेले होते असें नाहीं. त्यांनीं मानलें.

गाडी आली. ज्या मिस्त्रीनें ती उघडून स्वच्छ केली तो म्हणाला, “पडून राह्यली का जंग धरते जी, गाडी असो का माणूस.” येझदीची किक डाव्या बाजूस असते; आणि मोडला होता तोहि डावाच पाय. कित्येक आठवडे ते संध्याकाळीं अंगणांत स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर नुसते बसून राहत. पाहणाऱ्याला तें हास्यास्पद वाटलें असेल. आम्हांस २०२० सालच्या त्या छायाचित्राची आठवण होई. फिजिओथेरपिस्ट मुलीनें पायाचे जे व्यायाम सांगितले होते त्यांत किक मारणें नव्हतें. तें त्यांनीं तिच्याकडून मागून घेतलें. नवरात्राच्या पहिल्या दिवशीं गाडी त्या पायानें सुरू झाली. सून ओसरीवर उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. आंत जाऊन तिनें शिरस्त्राण आणून त्यांच्या हातांत दिलें.

आतां ते सकाळीं अंबाझरीपर्यंत जाऊन येतात. परवां त्यांनीं आम्हांस विचारलें, “येत्या रविवारीं रामटेकला येतां? गांवाबाहेर एकट्यानें जायचें नाहीं असें ठरलें आहे.” त्या खोट्या मिस्त्रीच्या नांवानंतर आम्हांला नाहीं म्हणण्यास तोंड नव्हतें. आम्हीं होकार दिला. मागच्या आसनावर बसणाऱ्यालाहि शिरस्त्राण लागतें. सीताबर्डीवर दोन दुकानें पाहिलीं, पण आमच्या डोक्याच्या मापाचें मिळालें नाहीं. आज पुन्हां जावयाचें आहे. घरीं अजून आम्हीं हें सांगितलेलें नाहीं.